मदत हवी: फिलग्रास्टिम देऊनही विकिरणाचे उंदीर मरतायत

सूरसागर_वडोदरा
उंदरांच्या पूर्ण शरीराला कोबाल्टच्या किरणांचे ८ ग्रे (विकिरणाच्या डोसाचं माप). फिलग्रास्टिम (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध) रोज कातडीखाली, १२५ मायक्रोग्रॅम प्रति किलो. तरी औषधाचा गट कंट्रोलइतकाच (औषध न दिलेल्या गटाइतकाच) मरतोय. सोमवारी पुढची बॅच आहे, लवकर सांगा.

मांडवी_दरवाजा
जात कुठली? पहिलं इंजेक्शन किती तासांनी? मरतायत कितव्या दिवशी? पाचव्या-सहाव्या दिवशी असेल तर आतडं गेलं, तिथे जी-सीएसएफ (फिलग्रास्टिम हे त्याचंच औषधरूप) काही करत नाही. मग आधी डोसिमेट्री (किरणांचा डोस नेमका किती पडतोय याची मोजणी) तपासा.

सूरसागर_वडोदरा
सी५७ ब्लॅक ६, नर. २४ तासांनी. १२ ते १७ वा दिवस.

फत्तेगंज_व्हेट
कुत्र्याला ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो पुरतं. माणसाचं प्रथिन आहे, फार दिवस दिलं तर प्रतिपिंडं तयार होतात आणि कुत्र्याचं स्वतःचं जी-सीएसएफही निकामी होतं.

मांडवी_दरवाजा
डॉक्टर, प्रश्न उंदरांचा आहे. सूरसागर, पातळ कशात करता?

सूरसागर_वडोदरा
सलाइनमध्येच, अजून कशात? ३०० मायक्रोग्रॅमची कुपी.

पानाचा_रस
पपईच्या पानांचा रस द्या, प्लेटलेट वाढतात म्हणे.

मांडवी_दरवाजा
पपई नको, एका वेळी एकच गोष्ट बदला. चूक सलाइनची आहे, त्यात फिलग्रास्टिमचा साका होतो. ५ टक्के डेक्स्ट्रोजच घ्या. २५ ग्रॅमच्या उंदराला ३.१ मायक्रोग्रॅम लागतं. ०.१ मिली टोचायचं तर १ मिलीच्या कुपीत ८.६ मिली डेक्स्ट्रोज घाला. १५ मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा त्याखाली उतरलात तर आल्ब्युमिन हवं, २ मिलिग्रॅम प्रति मिली, नाहीतर औषध प्लास्टिकलाच चिकटून बसतं. ५ च्या खाली जाऊच नका. कुपी हलवायची नाही, तळव्यांत हळू फिरवायची. या उन्हात थर्मोकोलच्या डब्यातून नेत असाल तर बर्फाची पिशवी कुपीला टेकू देऊ नका, गोठेल.

फत्तेगंज_व्हेट
कुत्र्याचं उगाच नाही काढलं. १९९१ च्या कामात निम्मे कुत्रे मरतात तो डोस २.६ ग्रे होता. सलाइन, अँटिबायोटिक, प्लेटलेट दिल्यावर ३.३८, वर जी-सीएसएफ दिल्यावर ४.८८. नुसत्या इंजेक्शनवर विसंबू नका. पाण्यात अँटिबायोटिक आहे का? पिंजऱ्याच्या तळाशी ओलं खाणं ठेवता का? दहाव्या दिवशी उंदराला वरच्या जाळीपर्यंत मान नेववत नाही.

मांडवी_दरवाजा
बरोबर, पण ते दोन्ही गटांना सारखंच द्या. २०१५ मध्ये अमेरिकेत विकिरणाच्या आजारासाठी फिलग्रास्टिमला मान्यता मिळाली, तिच्यामागचा माकडांचा प्रयोग आधाराच्या उपचारांसकटच होता: १० मायक्रोग्रॅम प्रति किलो, मृत्यू २१ टक्के, कंट्रोलमध्ये ५९.

सूरसागर_वडोदरा
कालचं उरलेलं द्रावण उजेडात धरलं, पांढरे तंतू तरंगतायत. उरलेल्या उंदरांना आजपासून डेक्स्ट्रोजमधलं देऊ?

मांडवी_दरवाजा
नको, ती बॅच मोजणीतून काढा. सोमवारपासून कंट्रोललाही नुसतं डेक्स्ट्रोज टोचा, सलाइन नाही.