डॉसवरच्या टर्बो सी प्रोग्रॅममधून नेटवर्कवर डेटा पाठवायचाय, लायब्ररी कोणती?

प्रश्न

आमचा इचलकरंजीत मागांचा छोटा कारखाना आहे. बाबांनी १९९५ साली टर्बो सी (सी भाषेचा जुना डॉस कंपायलर) मध्ये स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला: कोणत्या मागावर किती मीटर कापड निघालं, कामगाराची मजुरी किती झाली. मशीन ४८६, रॅम ८ एमबी, डॉस ६.२२. बाबा आज ७१ वर्षांचे आहेत आणि रोज संध्याकाळी त्यावरच नोंदी करतात. कोणती कळ कुठे, हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. त्यांचा स्क्रीन मला बदलायचा नाही.

अडचण हिशेबाची प्रत काढायच्या फ्लॉपीची. ड्राइव्ह आता दहातल्या चार वेळा वाचत नाही, आणि तीस वर्षांचा हिशेब त्या एकाच हार्ड डिस्कवर आहे. मशीनमध्ये एनई२००० जातीचं आयएसए (जुन्या पीसीच्या खाचेत बसणारं) नेटवर्क कार्ड बसवलं. पॅकेट ड्रायव्हर (कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम) चढतो, कार्डाचा पत्ताही दाखवतो. सोर्स कोड माझ्याकडे आहे, लार्ज मॉडेलमध्ये (मोठ्या प्रोग्रॅमसाठीची मेमरीची मांडणी) कंपाइल होतो. बाबांनी नोंद सेव्ह केली की तीच ओळ माझ्या लॅपटॉपवर यावी, एवढंच हवंय. पण शोधलं की सगळीकडे विनसॉक हे नेटवर्कचं साधनच सापडतं, आणि ते विंडोजचं.

उत्तर १

ताई, कोड कशाला लिहिताय? एमटीसीपी नावाच्या संचात फाइल पाठवणारा तयार एफटीपी क्लायंट आहे, अगदी पहिल्या पिढीच्या पीसीवरही चालतो. बॅच फाइल करून रात्री फाइल पाठवा.

प्रश्नकर्ती

तो विचार केला होता. पण मग बाबांना प्रोग्रॅममधून बाहेर पडून दुसरी आज्ञा द्यावी लागेल. एखाद्या दिवशी ते विसरतील आणि नेमका त्याच दिवशी डिस्कने दगा दिला तर? सेव्हच्या कळीवरच व्हायला हवं.

उत्तर २

तुमचं बरोबर आहे, कोडातच घाला. मी ९०च्या दशकात डॉसवर हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॉसमध्ये नेटवर्क मुळातच नाही. पॅकेट ड्रायव्हर फक्त कार्डाशी बोलतो, आणि ०x६० ते ०x८० मधल्या एखाद्या इंटरप्टवर (प्रोग्रॅमने त्याला हाक मारायचा क्रमांक) बसून राहतो. त्याच्या वरचं सगळं, म्हणजे एआरपी (समोरच्या कार्डाचा पत्ता शोधणं), आयपी (त्या पत्त्याकडे पॅकेट धाडणं), टीसीपी (काही न हरवता पोचवणं), तुमच्या ईएक्सई (तयार प्रोग्रॅमची फाइल) मध्येच जोडावं लागतं. त्यामुळे लायब्ररी निवडताना आधी कंपायलर बघायचा. मायकेल ब्रुटमन यांची एमटीसीपी उत्तम आहे, तिचा सोर्सही खुला आहे, पण ती सी++ मध्ये, ओपन वॉटकॉम या दुसऱ्या कंपायलरसाठी लिहिलेली. बाबांचा कोड तिकडे न्यायचा तर स्क्रीनचे सगळे टर्बो सी फंक्शन बदलावे लागतील. तुमच्यासाठी वॉटटीसीपी. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात एरिक एंगेल्के यांनी लिहिलेली, टर्बो आणि बोरलँड सी वाल्यांची जुनी सोबतीण. तिच्यावरूनच पुढे वॉट-३२ झाली. डीजेजीपीपी हा ३२-बिट कंपायलर वापरणाऱ्यांनी आणि ज्यांना सॉकेट, कनेक्ट, सिलेक्ट अशी ओळखीची नावं हवीत त्यांनी ती घ्यावी.

आता जिथे माझे आठ दिवस गेले ते सांगतो. डॉसमध्ये मागे काहीच आपोआप चालत नाही. टीसीपी_टिक हे फंक्शन तुम्ही पुन्हा पुन्हा बोलावलं तरच लायब्ररी पॅकेट बघते, पोच देते, हरवलेलं परत पाठवते. माझा प्रोग्रॅम getch() या कळ वाचणाऱ्या फंक्शनवर कळीची वाट बघत बसायचा आणि तेवढ्यात जोडणी मरायची. मी कार्ड बदललं, केबल बदलली. चूक कोडात होती. तुम्ही जोडणी उघडी ठेवूच नका: सेव्ह झालं की उघडा, ओळ पाठवा, बंद करा.

आणि कृपा करून आधी डिस्कवर लिहा, मगच नेटवर्क. लॅपटॉप बंद असेल तर दोन-तीन सेकंदांत नाद सोडून नोंद 'पाठवायच्या' फाइलमध्ये टाका. बाबांचा स्क्रीन अडकता कामा नये. प्रोग्रॅम संपताना पॅकेट ड्रायव्हरचं हँडल (त्याच्याकडची आपल्या प्रोग्रॅमची नोंद) सोडलंच पाहिजे. नाहीतर पुढचं पॅकेट आलं की ड्रायव्हर जुन्याच पत्त्यावर हाक मारतो, तिथे आता दुसरंच काही असतं, आणि मशीन जागीच थिजतं.

उत्तर ३

बाबांच्या मशीनवर प्रयोग करू नका. क्यूईएमयू (लॅपटॉपवर जुन्या पीसीची नक्कल चालवणारा प्रोग्रॅम) मध्ये एनई२के_आयएसए कार्ड मिळतं, पत्ता ०x३००, आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) ९. त्यातून तुमचा लॅपटॉप १०.०.२.२ वर दिसेल. खऱ्या कार्डाला आयआरक्यू ३ असेल तर कॉम२ या सिरियल पोर्टशी भांडण होतं, तेवढं तपासा. आणि हा डेटा उघडाच जातो, म्हणून घरच्या नेटवर्कबाहेर नेऊ नका.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. क्यूईएमयूमध्ये तिसऱ्या दिवशी जमलं. वॉटटीसीपी.सीएफजी मध्ये आयपी, नेटमास्क लिहून फाइल प्रोग्रॅमशेजारी ठेवली. लॅपटॉपवर पायथनचा वीस ओळींचा ऐकणारा प्रोग्रॅम आहे.

काल खऱ्या मशीनवर चढवलं. बाबांनी १२ नंबरच्या मागाची नोंद केली, सेव्ह दाबलं, नेहमीसारखी १३ नंबरकडे वळले. लॅपटॉपवर ओळ आली होती. त्यांना दाखवली. त्यांनी मीटरचा आकडा दोनदा वाचला, मग मला सोर्स उघडायला लावला आणि विचारलं, "कुठे घातलंस? मला ओळीओळीने समजावून सांग."

काका, तुमचं टीसीपी_टिक वालं उत्तर त्यांच्यासाठी छापून घेतलंय. आज त्यांनी विचारलंय की वाट बघायची वेळ दोन सेकंदांवरून एकवर आणली तर चालेल का?

उत्तर २

एकाच घरातल्या केबलवर चालेल. पण पहिल्या वेळी एआरपीला थोडा उशीर लागतो, म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच एकदा जोडणी उघडून बंद करा. बाबांना माझा नमस्कार सांगा.