दुपारचा ऑक्सिजन फसवा असतो

जलपर्णी काढली, दुपारी पाण्यात ऑक्सिजन भरपूर मिळाला, म्हणजे सोलापूरचा कंबर तलाव सुधारला, असं म्हटलं जातं; ते पटत नाही. उन्हात हिरवं शेवाळ ऑक्सिजन सोडतंच. रात्री तेच तो ओढून घेतं. खरा आकडा पहाटे, उजाडायच्या आधी मिळतो, आणि तोही गाळाच्या वीतभर वर मोजला तर. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशांचा जीव कासावीस होतो, पाण्यावर तोंडं काढून आ वासतात.

दुसरी गोष्ट, जी कुणी सांगतच नाही: जलपर्णीचं बी गाळात १५-२० वर्षं तग धरतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठच्या ओल्या चिखलात रोपं उगवतात. एप्रिल-मेमध्ये काठाने फिरून ती मोजा आणि बोटभर असतानाच मुळासकट उपटा. पाऊस पडून ती तरंगू लागली की हातची गेली.