गूगल सांगते ९७, मेटा सांगते १२१ आणि वहीत ऑर्डर १६४: जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरचा, म्हणजे कन्व्हर्जनचा, हिशेब कसा लावायचा?

बर्डीचा मिठाईवाला:

नमस्कार मंडळी. नागपुरात सीताबर्डीला आमचे मिठाईचे दुकान आहे. संत्रा बर्फी आणि हंगामात संत्र्यांच्या पेट्या आम्ही दोन वर्षांपासून स्वतःच्या वेबसाइटवरून पुणे, मुंबई, हैदराबादपर्यंत पाठवतो. डिसेंबरात आंबिया बहराच्या पेट्यांसाठी गूगलवर आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर (म्हणजे मेटा कंपनीकडे) जाहिराती चालवल्या होत्या. १ जानेवारीला एजन्सीचा अहवाल आला. त्यात गूगलच्या खात्यावर ९७ आणि मेटाच्या खात्यावर १२१, म्हणजे एकूण २१८ ऑर्डर दाखवल्या आहेत. माझ्या वहीत मात्र वेबसाइटवरून आलेल्या आणि पैसे जमा झालेल्या ऑर्डर १६४ आहेत, आणि त्यांतही दरवर्षी न चुकता पेटी मागवणारी जुनी गिऱ्हाइके बरीच आहेत. गूगल अ‍ॅनालिटिक्स (साइटवरची ये-जा मोजणारे साधन) तिसराच आकडा सांगते, १३९, आणि त्यातल्या ४१ विक्रींचे श्रेय ते आमच्या पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेला) देते, जणू गेटवेनेच गिऱ्हाईक धाडले.

एजन्सीला विचारले, तर ‘आकड्यांत थोडा फरक असतोच’ एवढेच उत्तर मिळाले. ५४ ऑर्डरचा फरक थोडा कसा म्हणायचा? जाहिरात पाहूनच ऑर्डर आली हे या कंपन्यांना कळते तरी कसे, आणि संत्र्याच्या पुढच्या हंगामाचे, म्हणजे मृग बहराचे, बजेट ठरवताना मी कोणता आकडा धरावा, हे कुणी समजावून सांगेल काय?

इतवारीकर:

भाऊ, एजन्सीने आकडे फुगवले असे लगेच धरून चालू नका. चूक आहे ती बेरजेत. गूगल आणि मेटा एकमेकांचे खाते न पाहता आपापला दावा मांडतात, त्यामुळे एकाच ऑर्डरवर दोघांनी हात ठेवला तर ती दोन्हीकडे मोजली जाते.

गूगलच्या जाहिरातीवर क्लिक झाले की, ऑटो-टॅगिंग (क्लिकला आपोआप खूण लावणे) सुरू असल्यास, तुमच्या पानाच्या पत्त्याच्या शेपटीला जीसीएलआयडी नावाची लांबलचक खूण जोडली जाते. ती त्या एका क्लिकची ओळख असते. साइटवरचा गूगल टॅग (पानात बसवलेला छोटा कोड) ती उचलून गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये कुकीत, म्हणजे छोट्या नोंदीत, ठेवतो, आणि पुढे त्याच ब्राउझरमध्ये ऑर्डर पूर्ण होऊन ‘धन्यवाद’ पान उघडले, की तिथला कन्व्हर्जनचा टॅग ऑर्डरची रक्कम आणि ही खूण गूगलला कळवतो. गूगल ती आपल्या क्लिकच्या नोंदीशी जुळवून श्रेय त्या कॅम्पेनच्या (जाहिरात-मोहिमेच्या) नावे लिहिते. मेटाकडे साधारण हेच काम एफबीसीएलआयडी ही खूण आणि पिक्सेल हा टॅग मिळून करतात. क्लिकपासून ‘धन्यवाद’ पानापर्यंत कुकीची ही साखळी तुटता कामा नये. इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये तुमचे पान उघडले आणि ऑर्डर नंतर क्रोममधून दिली, तर कुकी तिकडेच राहून जाते.

आता मुदतीचे पाहा. तुम्ही काही बदलले नसेल, तर गूगल क्लिकनंतर ३० दिवसांपर्यंतची ऑर्डर आपली म्हणते. मेटा क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यानंतर १ दिवस धरते. खरी गोम या ‘नुसती दिसल्यानंतर’मध्ये आहे. समजा, पुण्याच्या एका बाईंना सोमवारी रात्री इन्स्टाग्रामवर तुमच्या पेटीची जाहिरात दिसली आणि त्यांनी ती न उघडता बोटाने वर सरकवली. मंगळवारी दुपारी त्यांनी गूगलवर तुमच्या दुकानाचे नाव टाकले, सर्वांत वर आलेल्या तुमच्याच जाहिरातीवर क्लिक केले आणि पेटी मागवली. मेटा म्हणेल, काल मी दाखवली. गूगल म्हणेल, आज मी आणले. वहीत ओळ मात्र एकच. आणि त्या बाई तुमची जुनी गिऱ्हाईक असतील, तर त्या दोन्ही जाहिरातींवाचूनही आल्या असत्या. दुकानाच्या नावावर चालणारे कॅम्पेन वेगळे काढून पाहा. ९७ मधला मोठा वाटा तिथेच निघाला, तर मला नवल वाटणार नाही.

आणखी एक. गूगल अ‍ॅड्स ऑर्डर मांडते ती क्लिकच्या तारखेला. २९ डिसेंबरला क्लिक करून ३ जानेवारीला दिलेली ऑर्डर डिसेंबरातच जाऊन बसते, त्यामुळे १ जानेवारीला काढलेला डिसेंबरचा अहवाल कच्चाच असतो. विक्रीच्या तारखेप्रमाणे मोजणारा रकाना वेगळा आहे, तो एजन्सीकडून लावून घ्या.

प्रतापनगरची डेव्हलपर:

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. मी दुकानांच्या साइटवर टॅग बसवण्याचे काम करते, आणि अशा तक्रारीत निम्मा दोष बहुधा बसवणुकीतच सापडतो.

गेटवेचे कोडे सोपे आहे. पैसे भरायला गिऱ्हाईक गेटवेच्या पानावर जाते आणि तिथून परत येते. अ‍ॅनालिटिक्सला वाटते की गेटवेच्या साइटनेच हा नवा पाहुणा पाठवला. सेटिंगमध्ये नको असलेल्या रेफरलची (पाहुणा पाठवणाऱ्या साइटची) यादी असते, तिच्यात गेटवेचा पत्ता टाकला की हा घोळ पुढे होत नाही.

अ‍ॅनालिटिक्समध्ये ऑर्डर कमी का दिसतात, याचे मोठे कारण मला यूपीआय वाटते. गिऱ्हाईक पैसे द्यायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाते, पैसे गेल्याची हिरवी खूण पाहते आणि फोन खाली ठेवते. ब्राउझरकडे ते परततच नाही. म्हणजे ‘धन्यवाद’ पान उघडत नाही, टॅग चालत नाही आणि ऑर्डर मोजली जात नाही. उपाय असा, की गेटवे ज्या क्षणी ‘पैसे जमा’ हा निरोप आपल्या सर्व्हरला देतो, त्याच क्षणी सर्व्हरनेच ऑर्डर कळवावी. मेटासाठी त्याकरता कन्व्हर्जन्स एपीआय ही सोय आहे. गूगलसाठी ऑर्डरसोबत जीसीएलआयडी साठवून नंतर अपलोड करता येतो. पिक्सेल आणि सर्व्हर दोन्हीकडून कळवणार असाल, तर दोन्हीकडे इव्हेंट आयडी (त्या नोंदीचा ओळख-क्रमांक) एकच द्या, म्हणजे मेटा ती ऑर्डर एकदाच धरेल.

जास्त मोजणीचे कारण उलटे असते. ‘धन्यवाद’ पान आणि ऑर्डरची स्थिती दाखवणारे पान बऱ्याच साइटवर एकच असते, त्यामुळे एसएमएसमधल्या दुव्यावरून गिऱ्हाईक ‘पेटी कुठवर आली’ हे जितक्या वेळा पाहील, तितक्या वेळा टॅग चालतो. टॅगसोबत ऑर्डर क्रमांक पाठवला, तर गूगल तोच क्रमांक दुसऱ्यांदा धरत नाही. शिवाय खात्यात कोणकोणत्या कृती मुख्य कन्व्हर्जन म्हणून लावल्या आहेत, तेही पाहा; कार्टमध्ये टाकणे किंवा व्हॉट्सअ‍ॅपचे बटण दाबणे हीसुद्धा तिथे ‘ऑर्डर’ म्हणून बसलेली मी पाहिली आहेत. बजेट आपोआप वापरणारी बोली (जाहिरातीच्या जागेसाठी कंपनीची यंत्रणा स्वतः ठरवते तो भाव) याच आकड्यांवरून शिकते, म्हणजे चूक अहवालातच राहत नाही, पैसाही चुकीच्या लोकांवर जातो.

आयफोनवरच्या गिऱ्हाइकांचे मोजमाप तसेही अपुरेच राहते. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून अ‍ॅपला मागोवा घेण्याआधी परवानगी विचारावी लागते, आणि सफारी अशा स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकी जास्तीत जास्त ७ दिवस टिकू देते. ही गळती कंपन्या अंदाजाने भरतात. शिवाय गूगलचे डेटावर आधारलेले श्रेयवाटप एकच ऑर्डर अनेक क्लिकमध्ये वाटते, म्हणून खात्यात कधी ०.४ ऑर्डर दिसली तर दचकू नका. गिऱ्हाईक जुळवता यावे म्हणून त्याचा फोन नंबर एसएचए-२५६ या पद्धतीने सांकेतिक रूपात बदलून पाठवण्याचीही सोय आहे, पण त्यासाठी गिऱ्हाइकाची संमती साइटवर स्पष्ट शब्दांत घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही.

आधी स्वतः एक ऑर्डर देऊन पाहा. जाहिरातीवर क्लिक केल्यावर पत्त्यात जीसीएलआयडी दिसतो का, आणि साइट दुसऱ्या पत्त्यावर वळवताना तो गळून तर पडत नाही ना, हे पहिले तपासा.

बर्डीचा मिठाईवाला:

ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे काल मुलाच्या फोनवरून आमच्याच जाहिरातीवर एक क्लिक खर्च केले आणि पाव किलो बर्फी मागवली. जीसीएलआयडी शेवटपर्यंत शाबूत होता. मग एसएमएसमधला दुवा तीनदा उघडला. आज सकाळी गूगलच्या खात्यात त्या एका डब्याच्या चार ऑर्डर दिसत आहेत! ऑर्डर क्रमांकाची जागा टॅगमध्ये कोरीच होती. गूगलच्या ९७ पैकी १४ तर व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावरच्या नुसत्या टिचक्या निघाल्या. एजन्सीने दोन्ही दुरुस्त्या मान्य केल्या आहेत, सर्व्हरचे काम पुढच्या आठवड्यात होईल.

आता अडचण अशी, की व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून खरोखरच पेट्या घेणारेही बरेच असतात. ते मोजणीतून सुटणार काय? आणि बजेटचा प्रश्न उरलाच आहे.

इतवारीकर:

सुटणार नाहीत, पण मेहनत आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे बटण दाबताना साइटने जीसीएलआयडी साठवून त्याबदली एक छोटा क्रमांक तयार केलेल्या निरोपात घालावा. सौदा पक्का झाला की वहीत तो क्रमांक लिहा आणि क्लिकपासून ९० दिवसांच्या आत रकमेसह गूगलला अपलोड करा. माल हाती आल्यावर पैसे देण्याच्या ज्या पेट्या परत आल्या, त्यांची कन्व्हर्जनही ऑर्डर क्रमांकावरून मागे घेता येते.

बजेटसाठी मी तरी वहीच धरीन. दोन्हीकडचा महिन्याचा जाहिरातखर्च एकत्र करा, त्याला वहीतल्या नव्या गिऱ्हाइकांच्या संख्येने भागा, आणि एवढ्या खर्चात एका पेटीमागे काही उरते का ते पाहा. कंपन्यांचे आकडे मी एकाच खात्यातले दोन कॅम्पेन ताडून पाहण्यापुरते वापरतो. जाहिरातीने खरोखर किती गिऱ्हाईक वाढले हे पाहायचे असेल, तर एका शहरात मेटाची जाहिरात दोन आठवडे बंद ठेवा, बाकीच्या शहरांत सुरू राहू द्या, आणि त्या शहराच्या ऑर्डर वहीत किती घसरतात ते मोजा. मुंबई मात्र बंद करू नका, तिथला धंदा मोठा असेल तर प्रयोग महागात पडेल. टॅगच्या दुरुस्तीनंतर आकडे एकदम खाली येतील आणि आपोआप चालणारी बोली थोडे दिवस बिचकेल. त्या दिवसांत प्रयोग नको.

बर्डीचा मिठाईवाला:

हैदराबाद बंद ठेवून पाहतो, सर्व्हरचे काम झाल्यावर दोन आठवडे थांबून. वहीत शहराचा रकानाच नव्हता. आज दुपारी मुलाने पट्टी घेऊन आखून दिला आहे, आणि डिसेंबरच्या १६४ ऑर्डरची शहरे आता पावत्यांवरून भरत बसलो आहे.