वीस महिन्यांचा मुलगा सगळीकडे चढतो: विहीर, बलकांव आणि चिऱ्यांच्या भिंतींच्या घरात आधी काय करायचं?

पेडण्याची_सून

मुलगा २० महिन्यांचा आहे. खुर्ची ओढत नेतो, खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून खिडकीत. घर गोव्यात पेडण्याजवळ, जुनं, कौलारू, भिंती चिऱ्यांच्या (जांभा दगडाच्या). पुढे बलकांव, म्हणजे दारापुढचा बसायचा व्हरांडा, आहे. त्याचे सोपे (बांधलेल्या बैठका) दीड फूट उंच, आणि सोप्याच्या पाठीमागे अंगण चार फूट खाली. मागच्या दारी विहीर, कठडा अडीच फूट. दिवसभर घरात मी आणि सासूबाई असतो. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्याच्यामागे धावणं त्यांना जमत नाही.

पावसाळ्याला दीड महिना आहे आणि हाताशी साधारण २० हजार. सगळं एकदम होणार नाही, म्हणून क्रम हवा आहे. पाच ड्रॉवरचं कपाट भिंतीला बांधून घेतलं होतं, पण जरा ओढताच रावल प्लग (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवतात ती प्लॅस्टिकची नळी) स्क्रूसकट बाहेर आला. तिथे नेमकं काय चुकलं?

वेल्डिंगवाला_डिचोली

ताई, आधी विहीर. पैसे संपले तरी चालतील, पण विहीर आधी.

जो मुलगा खुर्ची ओढून नेतो त्याला अडीच फुटांचा कठडा म्हणजे नुसती एक पायरी. कठडा उंच करून प्रश्न सुटत नाही, वरून जाळीच हवी. ४० × ४० × ५ मिमी अँगलची चौकट आणि १२ मिमीचे गज. दोन गजांमधली मोकळी जागा ८ सेंमीपेक्षा जास्त नको. वेल्डरला "चार इंचांवर गज" असं सांगितलं तर तो एका गजाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजेल की मोकळी जागा मोजेल याचा भरवसा नाही, म्हणून मोकळी जागा किती ते स्पष्ट सांगा. मधोमध एक आडवा अँगल टाकायलाच लावा. जाळी झाली की पोर तिच्यावर चढणार, त्याला उतरवायला मोठं माणूसही चढणार. आधार नसेल तर गज वाकून फट मोठी होते.

कळशीसाठी ४५ × ४५ सेंमीचं बिजागरीचं झाकण आणि त्याला कुलूप. पंपाचा पाइप आणि केबल जिथून जाते तिथे तेवढीच खाच, मोठं भोक ठेवू नका.

चुकतं कुठे, तर चौकट बसवताना. कठड्याच्या वरच्या चिऱ्यात कडेजवळ अँकर मारला की चिरा फुटतो आणि दोन पावसांत जाळी हलायला लागते. आधी कठड्यावर १० सेंमी जाडीची काँक्रीटची पट्टी ओतून घ्या. चौकटीचे पाय त्या काँक्रीटमध्येच धरले तर उत्तम. पाचोळ्यासाठी हिरवं शेडनेट लावायचं असेल तर ते जाळीच्या वर. नुसतं शेडनेट कधीच नको. पोराला ती जमीन वाटते.

आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत वेल्डचे सांधे आधी गंजतात. सांधे घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर एनॅमल, हे दर दोन वर्षांनी मे महिन्यात. आणखी एक बघा: कपडे धुण्याचा दगड कठड्याला टेकून आहे का? असेल तर तीच पायरी. तो सहा फूट तरी लांब हलवा.

चिरा_आणि_चुना

कपाटाचं सांगतो. तुमचा प्लग बहुधा चिऱ्यापर्यंत पोचलाच नाही. जुन्या भिंतींवर गिलावा २० ते २५ मिमी असतो, कुठे त्याहून जास्त. दुकानात सहज मिळणारा प्लग ३० ते ३५ मिमीचा. म्हणजे तो जवळजवळ सगळा गिलाव्यातच बसला आणि गिलाव्यासकट सुटला.

१० मिमी जाडीचा आणि किमान ८० मिमी लांबीचा प्लग घ्या. ड्रिलचं हॅमर (ठोके देत भोक पाडायची सोय) बंद ठेवा. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, हॅमरने भोक वाकडंतिकडं मोठं होतं. आधी ८ मिमीचं बिट, मग १० मिमीचं, आणि भुकटी फुंकून नव्हे तर ब्रशने काढा. भुकटीवर नजर ठेवा: पांढरट म्हणजे गिलावा, तांबडी म्हणजे चिरा. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात माती असेल तर तीही तांबडीच येते, पण तिथे ड्रिल एकदम आत घसरतं. ते भोक सोडून द्या, हातभर बाजूला सरका. चिऱ्यातच मोठं छिद्र लागलं तर केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणारं रसायन) वापरा, पण प्लॅस्टिकच्या जाळीच्या नळीसकट. नळीशिवाय केमिकल छिद्रांतून आत पळून जातं आणि स्क्रू रिकाम्यात उभा राहतो.

दोन स्क्रूंवर सगळा भार टाकण्यापेक्षा भिंतीला ७५ × २५ मिमीची सागवानी पट्टी चार-पाच ठिकाणी घट्ट करा आणि कपाट त्या पट्टीला दोन लोखंडी एल-पट्ट्यांनी जोडा. कपाटाच्या पाठीची प्लाय ३-४ मिमीची असते, तिच्यात स्क्रू मारू नका. बाजूच्या किंवा वरच्या जाड फळीत मारा.

ड्रॉवरचं कपाट पडतं ते असं: पोर खालचे दोन-तीन ड्रॉवर ओढून जिना करतं, वजन पुढे येतं, आणि कपाट त्याच्या अंगावर. जड वस्तू तळाच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, टीव्ही कपाटावरून काढा. काम झालं की ड्रॉवर उघडून खालच्यावर २५ किलोची तांदळाची गोणी ठेवा. पट्टी भिंतीपासून एक मिमीही सुटली तर पुन्हा करा.

अंगणवाडी_फोंडा

वरच्या दोघांनी सांगितलं ते कराच. पण त्याबरोबर मुलाला चढायला एक जागा द्या, नाहीतर तो तुमच्याही लक्षात न आलेली जागा शोधून काढेल. या वयात चढणं आधी येतं, उतरणं मागाहून. पुष्कळ पडणी या मधल्या काळातली.

"उतर" असं नुसतं ओरडल्याने मूल उतरत नाही, वळून तुमच्याकडे बघतं आणि तोल जातो. जवळ जा, पोटावर पालथं करा, आणि "आधी पाय" म्हणत पाय जमिनीला टेकवा. घराच्या बुटक्या पायरीवर रोज पाच-सहा वेळा करून घ्या. सासूबाईंनाही हेच दोन शब्द वापरायला सांगा, म्हणजे त्यांना धावायची गरज कमी पडेल. चढायला दोन-तीन पायऱ्यांचं लाकडी घोडं पुरे, एकूण उंची ६० सेंमीच्या आत. फळ्यांमधली फट ९ सेंमीपेक्षा कमी तरी हवी किंवा २३ सेंमीपेक्षा जास्त तरी. मधल्या मापात धड निघून जातं आणि डोकं अडकतं. खाली फरशी नको. १५-२० सेंमी वाळू, आणि पावसात ती दाबून कडक झाली की पंजाने उकरून मोकळी करायची.

बलकांवाबद्दल एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात चुकते. कठड्याची उंची जमिनीपासून मोजतात. मूल उभं राहतं सोप्यावर, म्हणून माप सोप्याच्या बैठकीपासून घ्यायचं. तिथून वर किमान ९० सेंमी, गज उभे, मोकळी जागा ८-९ सेंमीच्या आत. आडवे गज किंवा नक्षी म्हणजे शिडीच. एवढं आत्ता होणार नसेल तर बैठकीच्या खोलीतून बलकांवाकडे जाणाऱ्या दारात गेट लावा. जुन्या चौकटी रुंद असतात, तयार गेट अपुरं पडतं. सुताराकडून १८ मिमी प्लायचं ८० सेंमी उंच करून घ्या, कडी बाहेरच्या बाजूला. नुसतं दाबून बसणारं गेट पायऱ्यांच्या तोंडाशी कधीच वापरू नका. मुलाने अंग टाकलं की ते सरकतं.

पेडण्याची_सून

विहिरीचं माप आजच घेते. आणखी दोन गोष्टी राहिल्या. न्हाणीत भाण (अंघोळीचं पाणी चुलीवर तापवायचं मोठं भांडं) आहे आणि पाणी येत नाही त्या दिवसांसाठी दोन पिंपं भरलेली असतात. आणि सासूबाई खोबरं आदोळीवरच (विळीवर) बसून खोवतात, ती बंद करा असं मला सांगवणार नाही.

नर्स_म्हापसा

आदोळी बंद करायची गरज नाही, जागा बदला. सासूबाई उठल्या की आदोळीही उठली पाहिजे. दीड मीटर उंचीवर दोन जाड खुंट्या, पातं भिंतीकडे. पात्याला रबरी पाइपचा तुकडा उभा चिरून चढवता येतो. खोवायला बसताना मूल खोलीच्या दुसऱ्या टोकाला असावं, आणि फोन वाजला तर आधी आदोळी वर, मग फोन.

पिंपांना आट्यांचं झाकण, नुसतं ठेवलेलं नको. बादलीची भीती पिंपाहून जास्त, कारण ती कमरेएवढी असते. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. मूल वाकतं, डोकं आत जातं, आणि बादली पाण्याने जड असल्यामुळे ती उलटत नाही. बुडायला ५ सेंमी पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. अंघोळ झाली की बादली पालथी. भाणाखाली आग असेपर्यंत न्हाणीचं दार वरच्या कडीने बंद. बादलीत आधी गार पाणी, मग भाणातलं. क्रम उलटा असला की त्या अर्ध्या मिनिटात हात आत जातो.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. घशात अडकलं आणि मूल खोकू शकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने ५ थापा, मग पोटावर बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाब, आलटून पालटून. (हे एक वर्षावरच्या मुलासाठी. त्याहून लहान बाळाच्या पोटावर दाब देत नाहीत.) तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. चिंचोके, फणसाच्या आठळ्या, अख्खे काजू-शेंगदाणे त्याच्या हाताशी नकोत. द्राक्ष उभं चिरून चार भाग.

रिमोटमधला नाण्यासारखा सेल गिळला असा संशय जरी आला तरी थेट रुग्णालय. अन्ननलिका दोन तासांत जळू शकते. नुकतंच गिळलं असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा, पण मध शोधण्यात वेळ घालवू नका. तुमचा मुलगा वर्षावरचा आहे म्हणून हे सांगते, तान्ह्याला मध देत नाहीत. सेल असो वा रॉकेल, ओकारी काढायची नाही.

अँब्युलन्स १०८. पेडण्याहून म्हापशाचं जिल्हा रुग्णालय जवळ, पुढे बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज).

कुळागरातला

अंगणाचं कुणी बोललं नाही. पिवळी कण्हेर देवाच्या फुलांसाठी दारातच असते, तिच्या बिया हृदयावर परिणाम करतात. मोगली एरंड कुंपणाला असतो, त्याच्या बिया पोरं शेंगदाण्यांसारख्या खातात. दोन्ही झाडं पोर मोठं होईपर्यंत काढाच. सध्या काजूचा मोसम आहे. ओल्या काजूच्या टरफलातल्या तेलाने ओठ आणि हात भाजून फोड येतात, म्हणून बिया वाळत घालायच्या त्या कुंपणापलीकडे. पाऊस लागायच्या आधी पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) बोलावून नारळ आणि सुकी झावळं उतरवा. मुलाची खेळायची जागा माडाखाली नको, मग नारळ उतरवलेले असोत वा नसोत.

चिऱ्यांचा, लाकडांचा, शेणींचा ढीग घराच्या भिंतीपासून दूर. त्यात उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. साप चावलाच तर हात-पाय हलू न देता १०८. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं नाही.

आणि स्कूटर. सायलेन्सरची बाजू भिंतीकडे करून लावा. मुलाला घेऊन जायचं तर १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या केंद्रीय नियमाप्रमाणे ४ वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडलेला हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), ९ महिन्यांपुढे हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किमीच्या आत. पुढे फळीवर उभं करून नेणं त्यात बसत नाही.

वेल्डिंगवाला_डिचोली

कुलपाचं राहिलं. चावी मागच्या दाराच्या चौकटीवर, तुमच्या हाताला लागेल पण खुर्चीवरच्या पोराला नाही अशा उंचीवर, आणि ती कुठे आहे ते सासूबाईंनाही माहीत हवं. पाणी काढून झालं की कुलूप त्याच क्षणी, कळशी घरात नेऊन ठेवायच्या आधी. पोर दोन मिनिटं दिसलं नाही तर पलंगाखाली, कपाटात नंतर बघा. आधी विहीर, मग न्हाणी, मग पिंपं.