डिझेलमधील रॉकेल अवरक्त वर्णपटात का दिसत नाही?

प्रश्न
आमच्या महाविद्यालयात एफटीआयआर यंत्र आहे, म्हणजे नमुना कोणता अवरक्त प्रकाश किती शोषतो याचा आलेख (वर्णपट) काढणारे. एका ट्रकमालकाने संशयावरून आणून दिलेल्या डिझेलचा वर्णपट खात्रीच्या डिझेलच्या वर्णपटाशी ताडून पाहिला, तर दोन्ही रेषा जवळजवळ एकरूप निघाल्या. नंतर चांगल्या डिझेलमध्ये मी स्वतः २० टक्के रॉकेल मिसळले, तरीही डोळ्यांना फरक जाणवला नाही. बायोडिझेल मात्र ५ टक्के असले तरी लगेच दिसते. माझे काही चुकते आहे का?

उत्तर १
आपले काही चुकलेले नाही. बायोडिझेल हे मेदाम्लांचे मिथिल एस्टर असते आणि त्यातील कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) १७४५ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येच्या आसपास ठळक शोषण दाखवतो. डिझेल त्या जागी जवळपास कोरे असते, म्हणून ईएन १४०७८ ही युरोपीय प्रमाणपद्धत याच पट्ट्यावर आधारलेली आहे. रॉकेल मात्र डिझेलप्रमाणेच हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, फक्त त्यातील साखळ्या आखूड. शिवाय शुद्धीकरण कारखान्यातही डिझेलमध्ये रॉकेलचा अंश रीतसर मिसळला जातो, त्यामुळे त्याला डिझेलमधला परका पदार्थ म्हणणेही कठीण! भेद उरतो तो मिथिल (साखळीच्या टोकांचे) आणि मिथिलीन (साखळीच्या मधले) गटांच्या प्रमाणात, आणि तो एका शिखरावरून नव्हे तर संपूर्ण वर्णपटावर पीएलएससारखी (अनेक बिंदूंवरील शोषणांचा एकत्र विचार करणारी) सांख्यिकी पद्धत लावूनच हाती येतो. त्यासाठी वेगवेगळ्या कारखान्यांच्या डिझेलमध्ये ज्ञात प्रमाणात रॉकेल मिसळून नमुने तयार करावे लागतील. एकाच पंपाच्या डिझेलवर बेतलेले गणिती प्रारूप दुसऱ्या पंपावर फसते.

उत्तर २
तोपर्यंत हायड्रोमीटर, म्हणजे घनतामापक, वापरा. डिझेलची घनता ८३५ आणि रॉकेलची ७९५ किलो प्रति घनमीटर धरली, तर २० टक्के मिश्रणाची घनता ८२७ होते. १५ अंश सेल्सिअसला आणलेली घनता पंपावरील नोंदीपासून ३ एककांपेक्षा अधिक ढळली, तर नमुना संशयास्पद मानतात. अर्थात भेसळ करणाऱ्याने सोबत जड तेल घालून घनता जुळवली असेल, तर हायड्रोमीटर गप्प बसतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बायोडिझेलच्या नावाखाली कच्चे खाद्यतेल मिसळले असेल, तर तेही १७४५ लाच दिसेल ना?

उत्तर १
होय, आणि केवळ त्या शिखराची उंची मोजणारा तिथेच फसतो, कारण तेलातील ट्रायग्लिसराइडही एस्टरच आहे. १४३६ प्रति सेंटिमीटरजवळचा मिथिल एस्टरचा पट्टा पाहा. कार्बोनिलच्या मानाने तो क्षीण वाटला, तर तेलाचा संशय घ्यावा आणि वायुवर्णलेखनाने (गॅस क्रोमॅटोग्राफीने) खात्री करून घ्यावी.