अध्यक्षांच्या भाषणाने खरंच काही हलतं का?

प्रश्न: लिंकनचं अमेरिकी यादवी युद्धातलं गेटिसबर्गचं भाषण पाठ केलं. जेमतेम २७० शब्द! पण अमेरिकी अध्यक्षांचं ऐकून लोक प्रत्यक्षात काही करतात, की नुसत्या टाळ्या?

उत्तर: करतात की! १२ मार्च १९३३, रविवारची रात्र. बँका बंद, लोक धास्तावलेले. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट रेडिओवर आले आणि बँक तुमच्या ठेवीचं नेमकं काय करते, इथूनच सुरुवात केली. ना आवेश, ना अलंकार. सोमवारी बँका उघडायला लागल्या, तर लोक घरातल्या नोटा परत भरायला रांगेत!

दुसऱ्याचं उत्तर: अहो, ९ मार्चला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, बँकांचा कायदा केला होता. तो विसरू नका.

पहिल्याचं उत्तर: मान्य. पण कायदा वाचतो कोण? आणि गेटिसबर्गला लिंकनआधी नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते. त्यातलं एक वाक्य सांगा बघू.