चिमणी साफ करणाऱ्याने मध्येच रेट वाढवला, हे रीतसर आहे का?

न्यूजर्सीकर:
मंडळी सल्ला हवाय. जुनं घर घेतलंय, हॉलमध्ये लाकडं जाळायची फायरप्लेस आहे. थंडीच्या आधी चिमणी साफ करायला माणूस बोलावला, फोनवर २५० डॉलर ठरले. थोडा वेळ ब्रश फिरवला आणि म्हणतो आत ग्लेझ्ड क्रिओसोट (धुराचा कडक चिकट थर) आहे, ब्रशने निघत नाही, ४०० वेगळे पडतील, शिवाय धुराड्याच्या आतल्या वरच्या टाइलला तडा गेलाय म्हणजे लायनर (आतलं नवं अस्तर) टाकावा लागेल, आजच सही केली तर डिस्काउंट. मी थांबवलंय त्याला. गंडवतोय का?

होम_इन्स्पेक्शनवाला:
दोन्ही गोष्टी एकत्र करू नका. क्रिओसोटचं खरं असू शकतं. ओली लाकडं जाळली किंवा हवा कमी करून आग धुमसत ठेवली की डांबरासारखा काळा चकचकीत थर धरतो, त्याच्यावरून ब्रश नुसता घसरतो. मग फिरत्या साखळ्या नाहीतर केमिकल, त्यात वेळ जातो, त्याचे पैसे वेगळे घेणं बरोबरच आहे. टॉर्च मारून स्वतः बघा. हाताने चुरगळणारी काजळी असेल तर ती २५० मध्येच निघायला हवी.
लायनरसाठी मात्र व्हिडिओ मागा. एनएफपीए २११ या अमेरिकेतल्या चिमणी-सुरक्षेच्या मानकाप्रमाणे घर विकलं जाताना लेव्हल २ तपासणी करावी, म्हणजे कॅमेरा आत सोडून. तुमची झाली असेल तर रिपोर्ट काढा, तडा तेव्हा होता का ते कळेल.

ओहायोची_ताई:
आमचा माणूस बुकिंगलाच ईमेल करतो, साध्या सफाईत काय येतं, घरटं निघालं तर किती, डॅम्पर (धुराड्याची झडप) जाम असेल तर किती. आधी सांगताच येत नाही असं काही निघालं तर तासावर, पण फोटो दाखवून आपण हो म्हटल्याशिवाय हात लावत नाही. पुढच्या वेळी असं लेखी घ्याच.

लीड्सवाले:
इकडे इंग्लंडमध्ये जॅकडॉ (कावळ्याच्या जातीचे) पक्षी धुराड्यात वरून काटक्या टाकत राहतात, घरटं किती खोल गेलंय ते काढायला घेतल्यावरच कळतं, म्हणून त्याचा दर सफाईपेक्षा वेगळा असतो. आणि घरटं वापरात असेल तर १९८१ च्या वन्यजीव कायद्याने परवान्याशिवाय हात लावता येत नाही, पैसे देऊन पण नाही. अमेरिकेत धुराड्यात घरटं करणाऱ्या चिमनी स्विफ्ट पक्ष्यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याचं संरक्षण आहे.

न्यूजर्सीकर:
थँक्स सगळ्यांना. व्हिडिओ मागितला तर म्हणतो कॅमेरा आणलेलाच नाही.

होम_इन्स्पेक्शनवाला:
खालच्या एक-दोन टाइल टॉर्चने दिसतात हो, पण वरचा तडा कॅमेऱ्याशिवाय कसा दिसला त्याला? सही करू नका. झालेल्या कामाचे पैसे द्या, पावतीवर 'क्रिओसोट बाकी' लिहून घ्या आणि दुसऱ्या सर्टिफाइड माणसाकडून कॅमेरा लावून बघा. आणि कृपा करून तोवर फायरप्लेस पेटवू नका, तो थर आतल्या आत पेट घेतो.